पहिलीच्या बाईंचे दात

"माझ्या तोंडाकडं बघा," असं म्हणून बाई आधी पदराच्या टोकानं ओठ पुसायच्या आणि मग तोंड उघडायच्या. समोर सतरंजीवर बसलेली पहिलीची बारा-तेरा पोरं माना वर करून बाईंच्या तोंडात बघत राहायची. आडात डोकावून बघावं तशी.

शाळेत नव्यानं आलेला माणूस हे बघून दारातच थबकायचा. एकदा विस्तार अधिकारी आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडमचा दात दुखतोय का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. 'त' शिकवतायत."

आमची शाळा जामखेडपासून चौदा किलोमीटरवर. दोन वर्गखोल्या, एक ऑफिस, खिचडी शिजवायची एक शेड आणि आम्ही दोघी. बाईंकडं पहिली-दुसरी, माझ्याकडं तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकाचा चार्ज. मी त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी, म्हणून त्या मला ताई म्हणायच्या आणि मी त्यांना बाई. जामखेडहून माझ्या स्कूटीवर दोघी जायचो. सात वर्षं गेलो. त्या सात वर्षांत गाडी एकदाही त्यांनी हातात घेतली नाही. "मला भीती वाटते" म्हणायच्या आणि मागं बसायच्या.

तुमच्याही लहानपणी पहिलीला कुणीतरी बाई असतील. त्यांचं नाव विसरला असाल, पण तोंड आठवत असेल. आमच्या बाईंचं म्हणणंच असं होतं, की अक्षर आधी तोंडात असतं, फळ्यावर नंतर येतं. प आणि फ मधला फरक त्या कागदाच्या पट्टीनं दाखवायच्या. ओठांसमोर पट्टी धरायची. प म्हटलं तर जेमतेम हलते, फ म्हटलं की फडफडते. त, थ, द, ध, न ही ओळ आली की वरचे दात बोटानं दाखवायच्या. "जीभ इथं टेकते. आतून. बघा." मग प्रत्येक पोरानं हातातल्या छोट्या आरशात आपापली जीभ बघायची. ण साठी जीभ उलटी करून टाळूला लावायची. आमच्याकडं घरोघरी ण चा न होतो, त्यामुळं या अक्षराला चार दिवस लागायचे.

एकदा एका पोराचे आजोबा तक्रार घेऊन आले. धोतर, टोपी, हातात काठी. म्हणाले, "बाई, पोराला काय शिकिवलं तुमी? मी पानी मागितलं तर देईना. आज्या, पाणी म्हन, मंग देतो, म्हनतंय."

बाई म्हणाल्या, "मग म्हणायचं की पाणी."

"सत्तर वर्सं पानीच पितोय. तान भागतीच की."

बाईंनी त्यांना खुर्ची दिली, समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या तोंडाकडं बघा." आजोबांनी बघितलं. तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा ण आला तेव्हा सगळी पहिली टाळ्या वाजवत होती आणि आजोबा लाजून टोपी सारखी करत होते. जाताना मला म्हणाले, "बाई लई नादी हायेत, पन शिकिवत्यात."

बाईंची घाई मात्र समजून घ्यायला हवी. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. पोरं बरोबर जातात ती एप्रिलात परत येतात. त्यामुळं पहिलीच्या पोराला अक्षरं यायची ती जून ते दिवाळी. सुट्ट्या वजा जाता शंभर दिवस. त्या शंभर दिवसांत जे पोर वाचायला लागलं ते कारखान्यावरच्या खोपीतही साखरेच्या पोत्यावरची अक्षरं लावत बसतं. जे लागलं नाही ते एप्रिलात कोरं परत येतं, आणि दुसरीतही कोरंच राहतं. मी चौथीला शिकवते, त्यामुळं यातल्या कोणत्या पोराचं पुढं काय होतं ते माझ्याकडं लिहिलेलं आहे. बाई रजा घ्यायच्या त्या दिवाळीनंतर. आधी नाही. भावाच्या लग्नालासुद्धा सकाळची शाळा करून गेल्या. "शंभर दिवस आहेत, ताई," एवढंच म्हणायच्या.

करोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा सगळ्यांनी मास्क लावले. पुढं सगळ्यांनी काढले. बाईंनी काढला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, सासूबाईंना दमा आहे, जपावं लागतं. मला पटलं. पण जेवताना त्या पाठमोऱ्या बसायला लागल्या, तेव्हा मी एक दिवस समोर जाऊन बसले.

वरच्या दातांच्या मधे हिरडीचे गोळे आले होते. गुलाबी, टणक, शेंगदाण्याएवढे. पुढच्या चार दातांचा वरचा निम्मा भाग त्यांनी झाकला होता. दुखत नाही म्हणाल्या. ब्रश करताना रक्त येतं, बास.

"आधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? एका पोरानं विचारलं, बाई, तुमचे दात कुठं गेले? म्हटलं, शोधून आणते."

हे सांगून त्या हसल्या आणि हसताना तोंडावर हात गेला. तो हात तिथं जाण्याची सवय मी त्याआधी बघितली नव्हती.

त्या वर्षी पहिलीला तेरा पोरं होती. मास्कमधून बाईंनी घसा कोरडा करून शिकवलं. पट्टी मास्कसमोर हलत नाही, जीभ मास्कमधून दिसत नाही. दिवाळीच्या आधी मी चाचणी घेतली. सगळी अक्षरं ओळखणारी चार निघाली. एरवी तेरांत दहा-अकरा निघायची. बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, "सुट्टीत दात दाखवते."

जामखेडला औषधाच्या दुकानावर एका तरुण डॉक्टरचा दवाखाना आहे. मी बरोबर गेले. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म दिला. बाईंनी तो माझ्याकडं सरकवला, म्हणून फॉर्म मी भरला. वय, पत्ता, साखर, रक्तदाब. "कोणती औषधं चालू आहेत?" या रकान्याला मी बाईंकडं बघितलं. त्या काउंटरवरच्या मुलीकडं बघत होत्या. म्हणाल्या, "नाही." मी लिहिलं, नाही.

डॉक्टर बाईंवर रागावले. ब्रश नीट करत नाही म्हणाले. बाई दिवसातून तीनदा ब्रश करायच्या, शाळेत त्यांचा ब्रश खिडकीत असायचा. डॉक्टरांनी आधी दात साफ केले, आठवड्यानं हिरडीत सुया देऊन वाढलेला भाग कापून काढला आणि जखम झाकायला वर गुलाबी लुकण बसवलं. आठ दिवस ताक-भात, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. लुकण काढलं तेव्हा दात पूर्वीसारखे दिसत होते. बाईंनी आरसा मागितला आणि डॉक्टरांसमोरच आरशात बघून त थ द ध न म्हणून बघितलं. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, पहिलीला असतात.

जूनमध्ये मास्क नव्हता. गणपती येईतो गोळे परत आले, आणि मास्कही आला.

मार्चअखेर मी शाळेतल्या सामानाची मोजदाद करते. खडूची खोकी नोंदीत दहा होती, कपाटात अकरा निघाली. एखादं कमी भरलं तर समजू शकतं. जास्त कसं भरेल? मी अकरावं उघडलं. आत गोळ्यांची पाकिटं.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दार लोटलं.

"माझ्या आहेत, ताई."

"कशाच्या?"

"फिटच्या. नववीत असल्यापासून."

त्या बोलत गेल्या, मी ऐकत गेले. दुपारी एक, रात्री एक. करोनाच्या वर्षी फिट वरचेवर आल्या, तेव्हा डोस वाढवला. त्यानंतर एकही आली नाही. सासूबाई घरातलं कपाट आवरतात, म्हणून गोळ्या शाळेत. रात्रीची कागदात बांधून न्यायची.

"आणि साहेब?" मी त्यांच्या मिस्टरांना साहेब म्हणायचे. खतांच्या दुकानात असतात.

"त्यांना माहीत आहे. पण त्यांना माहीत नाही असं आमचं ठरलंय."

मला हसू आलं. मास्कच्या आत त्याही हसल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "ताई, गावात कळलं तर उद्या एक पोर वर्गात बसणार नाही. बाईच्या अंगात येतं म्हणतील. त्या दिवशी दवाखान्यात काउंटरला होती ना, ती आमच्या सासरच्या भावकीतली."

तेव्हा मला रकाना आठवला. "नाही" हे माझ्या अक्षरात होतं. पण गोळीचा आणि हिरडीचा काही संबंध असेल हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी बाईंना 'ती' म्हटलं, तसंच राहू दे. त्या दिवसापासून मनात मी तिला तसंच म्हणत आले.

मेच्या सुट्टीत आम्ही नगरला हिरड्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी वरचा ओठ उचलून बघितला आणि फॉर्म हातात घ्यायच्या आधी विचारलं, "फिटची गोळी घेता का?"

मी थांबले, तिनं हो म्हणावं म्हणून. ती म्हणेना. मग मी म्हटलं, "घेतात."

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "ही गोळी काही जणांच्या हिरड्या वाढवते. कॅन्सर नाही, काही वाईट नाही. मी कापून देईन. पण गोळी तीच राहिली तर वर्षभरात पुन्हा येतील. मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते, ते बदलून देतील. स्वतःहून बंद करायची नाही. एक दिवससुद्धा नाही."

मग त्यांनी खुणा असलेली बारीक सळई एकेका दाताशी घालून मापं सांगायला सुरुवात केली आणि मदतनीस लिहायला लागली. चार, पाच, पाच, सहा. मिलिमीटर. मला बरं वाटलं. इतके दिवस कुणी मोजलंच नव्हतं. खालच्या एका दाताशी त्या थांबल्या. तिथं उलट झालं होतं. हिरडी तीन मिलिमीटर खाली उतरून मूळ उघडं पडलं होतं.

ती खुर्चीत आडवी पडूनच म्हणाली, "डॉक्टर, वरच्या मजल्यावरचं काढून खालच्या मजल्याला नाही का लावता येणार?"

डॉक्टर हसल्या. "तसं असतं तर माझं काम सोपं होतं. खाली लावायला टाळूची कातडी घ्यावी लागेल."

वरचं त्याच दिवशी कापलं. खालचं बारा दिवसांनी. टाळूवरची नखाएवढी पातळ चकती काढून उघड्या मुळावर शिवली. केसाएवढे बारीक पाच टाके. ही चकती रुजली पाहिजे, म्हणाल्या, महिनाभर तिला धक्का लागता कामा नये, नंतरही जपायचं.

परतीच्या एसटीत तिला बोलायची मनाई होती. ती वहीत लिहायची आणि मी तोंडानं उत्तर द्यायचे. शेजारचा माणूस मला मोठ्यानं बोलायला लागला, त्याला वाटलं मलाच ऐकू येत नाही. तिचे डोळे हसले. मग तिनं लिहिलं, 'मेंदूचे डॉक्टर दिवाळीत.'

"दिवाळीत कशाला? आत्ता सुट्टी आहे."

'गोळी बदलताना फिट येऊ शकते. मागे एकदा आली होती. वर्गात आली तर?'

"आणि तोवर हिरड्या वाढल्या तर?"

तिनं पेन्सिल हातात धरून ठेवली. मग वही मिटून पर्समध्ये ठेवली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मास्क नव्हता. दुसरीतल्या पोरांनी तिचं तोंड असं मोकळं फार दिवसांनी बघितलं होतं. एक जण म्हणाला, "बाई, तुमी नव्या हाय का?" ती म्हणाली, "हो. दात आणायला गेले होते. सापडले." भिंतीपलीकडं माझ्या चौथीला भागाकार शिकवताना मला पट्टीची फडफड ऐकू यायची नाही, पण चौदा पोरं एका वेळी फ म्हणायची ते ऐकू यायचं. चौथीची पोरंसुद्धा नकळत ओठ हलवायची.

आता जे सांगायचं ते मोजूनच सांगते. शाळा उघडली त्या दिवशी खडूच्या अकराव्या खोक्यात दहा-दहा गोळ्यांची तीन पाकिटं होती, त्यातल्या एकातल्या दोन गोळ्या काढलेल्या. अठ्ठावीस. मी मुद्दाम मोजल्या नव्हत्या. खडू काढताना दिसल्या आणि मोजल्या गेल्या. जुलै संपताना पुन्हा कपाट उघडलं. अठ्ठावीस.

मला लगेच समजलं. हिरड्या वाढू नयेत म्हणून तिनं गोळी सोडली होती. दिवाळीपर्यंत. तीन वर्षांत फिट आली नव्हती, आणखी थोडे महिने येणार नाही असा तिचा हिशेब होता.

त्याच आठवड्यात मी पहिलीची चाचणी घेतली होती. चौदापैकी नऊ पोरांना म पर्यंतची अक्षरं येत होती, आणि अजून ऑगस्ट लागायचा होता. मी स्कूटीवर रोज ठरवायचे की आज विचारायचं. ती मागं बसून सांगायची, अमकीला आज ध आला, तमक्याचा भ अजून ब होतो. मी म्हणायचे, होईल. दिवाळीला किती दिवस राहिले ते मी मनात मोजायचे. तीही मोजत असणार. एका गाडीवर दोघी एकच आकडा मोजत होतो आणि कुणी बोलत नव्हतं. विचारलं असतं तर तिनं गोळी सुरू केली असती की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, एवढं माहीत आहे.

ऑगस्टातल्या एका सकाळी, अकराच्या सुमाराला, शेजारच्या वर्गातला आवाज थांबला. मग धप्पकन काहीतरी पडलं. मी गेले तेव्हा ती फळ्याखाली पडली होती. हात-पाय ताठ, डोळे वर, दात आवळलेले. पोरं भिंतीला चिकटून उभी होती. काहींनी डोळे झाकले होते. एक पोरगी मात्र हातातला आरसा तसाच धरून तिच्याकडं बघत होती. तिला वाटलं असेल, हेही शिकवण्यातलंच आहे.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी पळत आल्या. "अगं माय, दातखीळ बसली. कायतरी घाला तोंडात, न्हाई तर जीभ तुटंल." त्यांनी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. पळी त्यांच्याच हातात होती. ती मी घेतली. पळीचा दांडा तिच्या दातांमधे घातला आणि जोर लावला.

दात उघडले नाहीत म्हणून मी अजून जोर लावला. कट् असा आवाज झाला. मला वाटलं दातखीळ निघाली.

वरचे पुढचे दोन दात मोडले होते. दांडा सटकून खालच्या हिरडीत घुसला होता, बरोबर जिथं टाळूची चकती शिवली होती तिथं. फिट त्यानंतर आपोआप ओसरली. एकूण चार मिनिटं झाली असतील. आमच्या ऑफिसात प्रथमोपचाराचा तक्ता लावलेला आहे. चार खिळे मारून मीच लावलाय. त्यात आकडीच्या चित्राखाली पाच ओळी आहेत आणि तिसरी ओळ आहे, रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. मी ती दुपारी वाचली. टेम्पो करून तिला जामखेडला पाठवल्यावर, हात धुऊन.

गाव वाईट नाही. कुणी तिला उणं बोललं नाही. शाळा समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "बाई चांगल्या हायेत, त्येच्यात वाद न्हाई. पन लेकरं भ्याली. माझा नातू रातचा उठून बसतुया." ते ण शिकलेले आजोबाही आले होते. जमिनीकडं बघत बसले. एका बाईनं विचारलं, "त्यांच्या अंगातलं उतरलं का?" मी म्हटलं, अंगातलं नाही, आजार आहे. "व्हय, आजारच," त्या म्हणाल्या, समजूत घातल्यासारख्या. पुढच्या सोमवारी पहिलीतली सहा पोरं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसली. ज्यांना गाडी परवडत नव्हती ती आठ राहिली. त्यांना मी शिकवलं, चौथीच्या बरोबर. दिवाळीपर्यंत पाचांना वाचता आलं. ती जिथवर घेऊन आली होती त्याच्या पुढं मला कुणाला फारसं नेता आलं नाही. फ म्हणताना मला पट्टी हलवता येते, पण पोरं माझ्या तोंडाकडं बघत नाहीत.

तिच्या बाकीच्या गोष्टी मला तुकड्यातुकड्यानं कळल्या. मोडलेल्या दातांची मुळं काढावी लागली. तिथली हिरडी खोल बसली. खालची चकती फाटली ती फाटलीच, पुन्हा शिवायला जागा उरली नव्हती, आणि तो दात हलायला लागला. मेंदूच्या डॉक्टरांनी गोळी बदलली. नवी गोळी पहिल्या दिवसापासून मानवली. बदलताना फिट आली नाही, नंतरही आली नाही. हिरड्याही वाढल्या नाहीत. हे सगळं मेमध्येही झालं असतं.

सासूबाईंना कळायचं ते कळलं. त्यांनी एवढंच विचारलं म्हणे, की चौदा वर्षं मला परकी समजलीस का. डॉक्टरांनी तिला दोन दातांची कवळी करून दिली. ती बोलताना हलते आणि शब्दातून हवा सुटते. वर्गावर परत यायचा अर्ज तिनं केला नाही. पंचायत समितीत ऑनलाइन माहिती भरायच्या कामाला तिला घेतलं. आमच्या शाळेच्या पटाचे आकडे आता ती भरायची. एकदाही चुकले नाहीत.

या हिवाळ्यात तालुक्याला प्रशिक्षण होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका गोल करून डबे उघडत होत्या. ती हॉलच्या टोकाला भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी डबा घेऊन तिच्याजवळ गेले. कवळी रुमालात काढून ठेवलेली होती. दुधात भाकरी कुस्करून ती मागच्या दातांनी सावकाश चावत होती. मी माझा डबा उघडला. मग मी विचारलं, "कसं चाललंय?"

"बसून असतं काम. बोलावं लागत नाही."

"पहिलीला आता नव्या मॅडम आल्यात. टीव्हीवर शिकवतात."

"हं."

तिनं वाटीतला शेवटचा घास घेतला, पाणी प्याली. मग वाटीकडं बघत म्हणाली, "ताई, एक विचारू? मला त्या दिवशीचं काहीच आठवत नाही. तोंडात दांडा कुणी घातला होता?"

त्या खोलीत पहिलीची चौदा पोरं होती, दुसरीची अकरा, मावशी आणि मी. मी म्हटलं, "खूप गर्दी झाली होती, बाई. कुणी घातला, ध्यानात नाही."

तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. नवल होतं.

"तुम्हाला ध्यानात नाही?" ती म्हणाली.

तिनं रुमालातून कवळी घेतली, पाठ वळवून बसवली, डबा बंद केला आणि संगणकाच्या खोलीत निघून गेली. मार्चमध्ये तिनं नवऱ्याच्या गावाकडं, पलीकडच्या तालुक्यात बदली मागून घेतली. मिळाली. जायच्या आधी सगळ्यांना फोन करून सांगितलं म्हणे. मला नाही.